मशीन सुरू होईना ती सकाळ

आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला तेव्हा मी कॉलेजात होते. ती वाचली, हळूहळू चालायलाही लागली, पण बोलणं गेलं. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच विरघळायचे. डॉक्टरांनी तिला रोज सकाळी मऊ जमिनीवर अनवाणी चालायला सांगितलं. बोरगाव मेघेतल्या आमच्या अंगणात नुसता मुरूम. बाबांचं वर्ध्यात किराणा दुकान, बागेतलं त्यांना काहीच कळत नसे. तरी त्यांनी मुरूम काढून काळी माती भरली, हिरवळ लावली, आणि ओळखीच्या एका बंगल्यातून गवत कापायची जुनी, पेट्रोलवरची मशीन आणली.

पावसाळाभर मशीन चालली. मग थंडीत पोत्याखाली पडून राहिली. फाल्गुनात गवत घोट्यापर्यंत वाढलं, आईचा पाय त्यात अडकू लागला, म्हणून एका रविवारी बाबांनी मशीन बाहेर काढली.

ती सकाळ मला अजून स्वप्नासारखी दिसते. पवनारच्या बाजूनं कोवळं ऊन आलेलं, शेवग्याची फुलं गवतावर सांडलेली, आणि आई वेताच्या खुर्चीत शाल घेऊन बसलेली. मी दोरी ओढत होते. मशीन खोकल्यासारखी करायची आणि गप्प व्हायची.

बाबांनी जुनं पेट्रोल ओतून टाकून ताजं भरलं. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला, मशीनच्या अंगाला टेकवून धरला. "ओढ आता." मी ओढली. निळी ठिणगी पडली.

"ठिणगी तर पडून राह्यली," बाबा म्हणाले. "मंग काऊन नाई सुरू होत हे?"

प्लग लावून मी पुन्हा हाताला रग लागेपर्यंत दोरी ओढली. बाबांनी प्लग परत काढून पाहिला. कोरडा ठाक. म्हणजे पेट्रोलच आत पोचत नव्हतं. नळी काढली तर टाकीतून धार नीट येत होती. बाबा कार्बोरेटरकडे बघत मातीतच बसले. ऊन चढत होतं, कुठेतरी होला घुमत होता, आणि मला वाटलं, हा रविवार असाच पेट्रोलच्या वासात तरंगत राहील.

तेवढ्यात आई म्हणाली, "पिन."

आम्ही दोघंही वळलो. किती महिन्यांनी तिचा एक अख्खा शब्द ऐकला होता.

"साडीले पाह्यजे काय, आई?" मी विचारलं. तिनं मान हलवली, डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे बोट केलं. "पिन," पुन्हा म्हणाली, जरा चिडूनच.

बाबांनाच कळलं. गॅस येण्याआधी आई रॉकेलचा स्टोव्ह पेटवायची. बर्नरचं छिद्र बुजलं की बारीक तारेच्या पिनेनं मोकळं करायची. बाबा आत धावले. डबे उघडल्याचा, भांडी पडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चिमटीत ती पिन होती.

कार्बोरेटरची वाटी उघडली, तळाशी वाळल्या पेट्रोलचा पिवळा चिकटा. पेट्रोल आत सोडणाऱ्या जेटचं बारीक छिद्र बुजलेलं. बाबांनी हलक्या हातानं पिन घातली, फुंकर मारली, सगळं पुसून बसवलं. मी दोरी ओढली. मशीन एकदा अडखळली आणि धडधडू लागली. बाबा आईकडे बघून काहीतरी ओरडले, मला ऐकू आलं नाही. ती हसत होती, एका बाजूनं.

गवत कापून झालं तरी बाबांनी मशीन बंद केली नाही. उगीच कापल्या जागेवरूनच फिरवत राहिले. धूर निळा होऊन कुंपणावरून जात होता. शेवटी आईनं तोंड वाकडं केलं. एकेक शब्द शोधत, थांबत थांबत, पण मशीनच्या धडधडीतही आम्हा दोघांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बंद करा आता. डोकं दुखून राह्यलं."

बाबांनी झटकन मशीन बंद केली. मग तिच्या खुर्चीशी येऊन म्हणाले, "आणखी काय काय दुखून राह्यलं, सांग."