हाताला हात

शैलजा खराडे शीर शोधताना डोळे मिटून घ्यायची. बोटाच्या टोकाने कोपराच्या आतली कातडी दाबायची, क्षणभर थांबायची, आणि मग सुई अशी जायची की म्हातारी माणसं विचारायची, "झालं काय?" मिरजेच्या आमच्या लॅबमध्ये लोक आपला नंबर सोडून तिच्या खुर्चीसाठी थांबत. मी काउंटरवर नावं लिहून घेते. अकरा वर्षं मी तिचे हात बघत आले.

तिच्या नवऱ्याला, प्रतापला, ते हातच सोसत नव्हते. तो सांगलीत हळदीच्या गोदामात माल पारखायचा. कांडी मोडायची, नाकाशी न्यायची, पोत्यात परत टाकायची. शैला घरी आली की तिचे हातही तसेच नाकाशी न्यायचा. "आज किती बाप्यांचे हात धरलेस?" मारलं कधी नाही. "मारलं असतं तर कुणाला दाखवता तरी आलं असतं," ती म्हणायची. सात वर्षं रोज संध्याकाळी, दारात, चप्पल काढायच्या आधी, हात पुढे. शेवटी शेवटी ती स्पिरिटने हात धुवायला लागली. कातडीला भेगा पडल्या. तो भेगाही हुंगायचा.

मग ती भावाकडे येऊन राहिली. वर्ष उलटल्यावर दोघांच्या सह्यांनी घटस्फोटाचा अर्ज गेला. छळाचा दावा लावलात तर म्हातारपण येईल, संमतीने सहा महिन्यांत सुटाल, असं मगदूम वकीलबाई म्हणाल्या होत्या. प्रतापने सही केली याचंच सगळ्यांना नवल. पहिल्या तारखेला दोघांनी राजीखुशी सांगितली. मग कायद्याने दिलेले सहा महिने: विचार करा, पटलं तर परत जा, नाहीतर पुन्हा येऊन दोघांनी पुन्हा हो म्हणा. त्या दुसऱ्या होकारावर तिचा सगळा जीव टांगलेला होता. कॅलेंडरवर तिने खूण केली नाही. पण आल्या आल्या तिची नजर त्या भिंतीवर जायची, आणि मी दुसरीकडे बघायची.

पाचव्या महिन्यात तिची नणंद लॅबमध्ये आली. कावेरी. त्या घरात शैलाशी धड बोलणारं तेवढंच एक माणूस.

"वहिनी, ठरलं माझं. जयसिंगपूरचा आहे."

"कसा आहे गं?"

"बोलतो तरी." दोघी हसल्या. मग कावेरी ओढणीचं टोक पिळायला लागली. "वडील नाहीत. आईला बसता येत नाही. कन्यादानाला दादाच बसणार. पण एकटा कसा बसेल? जोडीच लागते."

"काका-काकू आहेत की तुझे."

"दादा ऐकत नाही. म्हणतो, माझ्या बहिणीचं दान मीच करणार. तू येऊन बसलीस तर पुढच्या तारखेला गुमान येतो म्हणाला. नाही बसलीस तर कोर्टाची पायरी चढत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही गं ही अट घातलेली. निरोप तेवढा सांगितला."

ती गेल्यावर मी म्हटलं, "शैला, वकीलबाईंना एकदा विचार."

"काय विचारू? लग्नाला जाऊ का म्हणून? हसतील की त्या." जरा वेळाने म्हणाली, "एक तास बसायचं. इतकी वर्षं काढली, एक तास काय?"

एकटी जाऊ नको म्हणून मी बरोबर गेले. मांडवात ती त्याच्या शेजारच्या पाटावर बसली, अंग चोरून, जणू मधे तिसरं कुणी बसणार होतं. गुरुजी म्हणाले, "यजमानीणबाई, हाताला हात लावा." ती हलली नाही. "अहो, लावा की! मुहूर्त थांबतोय होय तुमच्यासाठी?" तिने एक बोट लावलं. ते सवयीने त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला गेलं, बरोबर शिरेवर. प्रतापने मान वळवून त्या बोटाकडे बघितलं. पाणी सुटलं, मंत्र झाले, तरी तो त्या बोटाकडेच बघत होता.

फोटोवाला ओरडला, "वहिनी, हसा की जरा! फाशीची शिक्षा झाल्यागत बसलाय!" मांडव हसला. शैलाही हसली. त्या हसण्यात फक्त थकवा होता, पण फोटोत थकवा कुठला दिसतो?

दुसऱ्या तारखेलाही मी बरोबर गेले. प्रताप आमच्याही आधी हजर. नवा शर्ट, नखं तशीच पिवळी, हातात पाकीट. नाव पुकारलं तसा तो म्हणाला, "साहेब, मी संमती काढून घेतो. आमचं जमलंय."

"बाई, तुमचं काय म्हणणं?"

"काही जमलेलं नाही, साहेब. मी फक्त कन्यादानाला बसले."

"देवाब्राह्मणासमोर हात लावलाय तिने. हसलीय, हे बघा. आम्हांला तेवढं पुरतं."

खोटं बोलत असता तर बरं होतं. त्याचा आवाज भरून आला होता. त्याला ते खरंच वाटत होतं.

न्यायाधीशांनी पाकीट हातात घेतलंच नाही. "फोटो मला नकोत. हुकूम होईपर्यंत संमती दोघांचीही लागते. एकाने काढली की मला पुढे जाता येत नाही." दहा मिनिटांत अर्ज निकाली निघाला.

व्हरांड्यात मगदूम बाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं तरी!"

"लग्न होतं हो, बाई."

"आता छळाचा दावा लावू. पण ते म्हणणार, हिने सगळं माफ केलं, हा बघा फोटो. लढू आपण. किती वर्षं, ते मात्र विचारू नका."

शैलाने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बसस्टँडपर्यंत बाहेर काढले नाहीत. तिकिटाचे पैसे मी दिले.

पाचव्या दिवशी सकाळी मी नावं लिहीत होते. समोरून आवाज आला, "प्रताप खराडे. साखर तपासायची." मी वर बघितलं. रांगेत वीस माणसं. त्याच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी होती. मी दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. "नको. थांबतो मी," तो म्हणाला, आणि थांबला.

तिच्यासमोर बसून त्याने बाही वर केली. शैलाने हातमोजे घातले.

"नाव सांगा."

"तुला माहीत नाही काय?"

"नाव सांगा. वय सांगा."

त्याने सांगितलं. तिने डोळे मिटले नाहीत. पट्टा बांधला, शीर दाबली, सुई घातली. नळीत रक्त चढत होतं आणि तो तिच्या बोटांकडे बघत होता, मांडवात बघत होता तसा. "किती हलका हात आहे तुझा," तो म्हणाला. मग कापूस दाबून धरत उठला. "महिन्याला तपासायला सांगितलंय डॉक्टरांनी. येत जाईन."

तिने नळीवर त्याचं नाव चिकटवलं. हातमोजे काढून टाकले. पुढची म्हातारी येऊन बसली, हात लांब केला. "तुझ्याकडंच आले बाई, बाकीच्यांचं दुखतंय."

शैला त्या हाताकडे बघत राहिली. सुरकुतलेला, बांगड्यांचा, आतून निळा. तिचे हात मांडीवर होते. ते वर येईनात.

"काय गं पोरी?" म्हातारी म्हणाली. "लाव की हात."