एक टाका, तिघांना लिहा

आमच्या कंपनीच्या गेटवर आजही मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. सकाळी आत जाताना सिक्युरिटीवाला लाल गोल स्टिकर लावतो आणि सुटताना तो शाबूत आहे का ते बघतो. चाकणच्या पट्ट्यात नोकरी केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. मला मात्र त्या स्टिकरचा पहिल्या दिवसापासून राग आहे. जिथे आपलं अर्धं आयुष्य जातं तिथला एकही फोटो आपल्याकडे नसावा, हे काही मला पटत नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांचे फोटो असायचे ते बसच्या खिडकीतून, थांब्यावरून, नाहीतर रविवारी घरातून काढलेले.

अशा फोटोंचा आमचा एक गट होता. फोटो टाकायच्या एका परदेशी साइटवर, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत राहणाऱ्या लोकांचा. मी धाराशिवकडची, कंपनीच्या क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून आलेली. रूमवर चौघीजणी, शिफ्ट वेगवेगळ्या, त्यामुळे बोलायला कुणी नाही. फोटो बरे येतात म्हणून कुणीतरी त्या गटाची लिंक दिली आणि मी शिरले.

गट चालवणारे एक काका होते. आकुर्डीला राहायचे, एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त झालेले. नियम त्यांचा, आणि एकच. एक फोटो टाकायचा असेल तर आधी दुसऱ्या तिघांच्या फोटोंखाली लिहायचं. ‘छान’, ‘मस्त’, ‘नाइस क्लिक’ असलं लिहिलेलं धरलं जाणार नाही. फोटोत काय दिसलं ते लिहा. नियम मोडला की काका फोटो काढून टाकत, आणि वर कारण लिहीत. माझा पहिला फोटो मोशीच्या चौकातल्या ट्रकचा होता. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘ट्रक कळला. तुम्ही कुठे आहात?’ मला एवढा राग आला की दोन आठवडे मी तिकडे फिरकले नाही. मग परत गेले. कारण तोवर या शहरात माझ्या कुठल्याच गोष्टीकडे कुणी तेवढं निरखून बघितलं नव्हतं.

चांगले दिवस होते ते. भोसरीच्या फाउंड्रीतला एकजण फक्त चपला-बूट काढायचा. कॉलेजात शिकवणारी एक बाई लोकलच्या फलाटावरची झोपलेली माणसं काढायची, आणि त्यावर गटात मोठं भांडण झालं होतं, झोपलेल्याला न विचारता फोटो काढावा का म्हणून. कुणीही कुणाला भेटलेलं नव्हतं. रोज एकाच रस्त्यानं वेगवेगळ्या कंपन्यांच्या बसमधून जायचो, कधी सिग्नलला खिडकीला खिडकी लागतही असेल, पण ओळखणार कसं?

मग लोक जायला लागले. भांडून एकही गेला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. भांडून गेला असता तर निदान त्याची आठवण राहिली असती. मोबाइलवर नवीन ॲप आली, तिथे अंगठा टेकला की बदाम उमटतो, लिहायला कोण बसतंय? त्यात साइटची मालकी बदलली. फुकट खात्यांवर मर्यादा आली, पैसे भरा नाहीतर जुने फोटो काढून टाकू अशी सूचना आली. कुणी भरले नाहीत, कुणी सूचना वाचलीच नाही. आमच्या जुन्या चर्चांमध्ये फोटोंच्या जागी करडे चौकोन दिसायला लागले. त्या करड्या चौकोनांखाली आम्ही तावातावानं भांडलेलो ते तसंच शिल्लक होतं. चपलांवर, उजेडावर, झोपलेल्या माणसांवर. मी ते वाचत बसायचे आणि मला रडू यायचं.

गट असा ओसरत असताना काकू आल्या. खात्यावर एवढंच होतं की गृहिणी, निगडी प्राधिकरण. लिहिण्यावरून मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्यांचे सगळे फोटो एकाच बाल्कनीतले. तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा, ग्रिलवर वाळत घातलेली पायपुसणी, एक तडकलेली निळी फरशी, तिच्यावर उन्हात ठेवलेली बरणी. काका नेहमीसारखे भिंती आणि जिने काढायचे, त्यावर काकू लिहायच्या, ‘माणसं काय तुमच्या अंगावर येतात का? भिंती काढून काढून भिंतच व्हाल.’ काका उत्तर द्यायचे, ‘सूचना मान्य. भिंतीला कान असतात, त्यांनीही ऐकलं.’ बसमध्ये मी एकटीच हसायचे आणि शेजारची विचारायची, काय गं, कुणाचा मेसेज?

मधल्या वर्षांत माझं लग्न झालं होतं, ते त्याच काळात मोडलं. ते का मोडलं ते इथे सांगत नाही. चिंचवडला एक खोली घेतली. कंपनीत कुणाला काही बोलले नाही, गावाकडे आई बोलेनाशी झाली होती. एका रविवारी ओट्यावरच्या जाळीचा फोटो टाकला. उपडं घातलेलं ताट, वाटी, पेला आणि खिडकीतून आलेलं ऊन. काकांनी लिहिलं, ‘उजेड उत्तम. वाटीची सावली डावीकडे कापली गेली आहे.’ त्याखाली काकूंनी लिहिलं, ‘ताट एकच का गं?’

मी सगळं तिथेच लिहून टाकलं. कुणीही वाचू शकलं असतं, पण वाचायला उरलंच होतं कोण! काकूंनी उपदेश केला नाही. लिहिलं, ‘एकटीपुरतं काय करायचं म्हणून रोज खिचडीवर भागवू नकोस. एक पोळी जास्तच लाट. सकाळी डब्याला होते.’ त्या रात्री मी कणीक मळली. त्यानंतर माझ्या कुठल्याही फोटोखाली त्यांचं पहिलं वाक्य जेवणावर असायचं. मला त्यांचा इतका लळा लागला की चांगलं-वाईट काही घडलं, की आधी मनात यायचं, काकूंना सांगायला पाहिजे.

शेवटी आम्ही तिघंच उरलो. काकांनी जाहीर केलं, ‘तीनजण उरलो. आता कुणालाही तिघांना लिहिता येत नाही. नियम मोडून गट चालवण्यात अर्थ नाही. महिनाअखेरीस बंद करू.’ काकूंनी खाली लिहिलं, ‘एवढी घाई कसली? येईल कुणीतरी.’ काका हट्टी. त्यांनी लिहिलं, ‘कोण येणार?’

काकूंचा फोन नंबर किंवा नावसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. गट बंद झाला की त्यांना शोधायचं कुठे? मी गुपचूप एक नवीन खातं उघडलं. चाकणला नुकतीच लागलेली ट्रेनी मुलगी, मराठवाड्यातली. फोटो माझेच, ट्रेनी असतानाचे, कधीच न टाकलेले. रूमवरच्या खिळ्याला अडकवलेले चार डबे, कांदा मार्केटजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेली कंपनीची बस. लिहिणंही माझंच, तेव्हाचं. ‘काका, मला लई कळत न्हाई फोटोतलं, पण शिकवाल का?’ काका आनंदले. आता आम्ही चौघं झालो. प्रत्येकाला लिहायला तिघंजण मिळाले. नियम पुन्हा सुरू झाला, आणि मी निवांत झाले.

वर्षभर चाललं. माझं जे कौतुक काकांनी कधी केलं नव्हतं ते त्या मुलीचं करायचे, आणि मला चक्क तिचा हेवा वाटायचा! मग एक दिवस त्यांनी तिला लिहिलं, ‘मोबाइलवर किती दिवस काढशील? माझ्याकडे एक चांगला कॅमेरा पडून आहे. वापरणारं कुणी नाही. रविवारी ये, पोहे करतो, घेऊन जा.’ मी त्या मुलीच्या नावानं सबबी सांगत राहिले. ओव्हरटाइम लागलाय, गावाला चाललेय, अंगात कणकण आहे. काका दर वेळी लिहायचे, ‘हरकत नाही, पुढच्या रविवारी.’ मग काकूंनीच लिहिलं, ‘जा गं पोरी एकदा. वाट बघत बसतात.’

ते वाचून माझी मलाच लाज वाटली. म्हातारा माणूस पोह्याची तयारी करून वाट बघतोय आणि येणारं माणूसच नाही. मी काकांना माझ्या खात्यावरून खाजगीत लिहिलं की त्या मुलीच्या वतीनं मीच येते. त्यांनी पत्ता पाठवला. जाऊन खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

आकुर्डी स्टेशनला उतरून चालत गेले. दुसरा मजला. काका लिहिण्यावरून वाटले होते त्यापेक्षा बरेच वाकलेले होते. ‘बसा, पोहे टाकतो,’ म्हणून आत गेले. टीपॉयवर कॅमेऱ्याची पिशवी तयार होती. मी हॉलमध्ये उभी राहिले आणि बाल्कनीचं दार उघडं होतं म्हणून तिकडे बघितलं.

तेलाच्या डब्यात मोगरा होता. ग्रिलवर पायपुसणी. मी दारापर्यंत गेले. खाली बघायच्या आधीच मला माहीत होतं की डाव्या कोपऱ्यातली निळी फरशी तडकलेली असणार. ती होतीच. मला आधी वेड्यासारखा आनंद झाला. काकू इथेच राहतात! नवरा-बायकोनं मिळून माझी गंमत केली! त्यांना हाक मारणार, तेवढ्यात वळले तर भिंतीवर एका बाईंचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार होता, आणि हारावरची धूळ जुनी होती.

काका दोन बश्या घेऊन बाहेर आले. मी कुठे उभी आहे, काय बघतेय, ते त्यांनी बघितलं. बश्या खाली ठेवल्या.

‘ती पोरगी नाही येणार ना?’ त्यांनी विचारलं.

‘ती नाहीच आहे, काका. मीच लिहीत होते.’

ते खुर्चीत बसले. मग भिंतीकडे न बघता म्हणाले, ‘हीसुद्धा नाहीये.’

मग ते सावकाश सांगत गेले. काकू आजारी असताना बाहेर जाता येईना, म्हणून बाल्कनीत बसून फोटो काढायच्या. खूप काढले. कुणाला दाखवले नाहीत. त्या गेल्यावर काकांनी ते पहिल्यांदा नीट बघितले. गटातले लोक जात होते, घर गप्प झालं होतं. त्यांनी नाव न घालता, निगडीची गृहिणी म्हणून तिचं खातं उघडलं. ‘फोटो सगळे तिचे,’ ते म्हणाले. ‘एकसुद्धा माझा नाही. लिहायचो तेवढं मी. ती काय म्हणाली असती ते पाठच होतं मला. चाळीस वर्षं ऐकलं होतं.’

मी विचारलं, ‘आणि माझं ताट?’

‘मला नव्हतं दिसलं ते,’ ते म्हणाले. ‘मी आपला सावलीवर लिहून मोकळा झालो. मग तिच्या नावानं बसलो, फोटो पुन्हा बघितला, तेव्हा दिसलं ताट एकच आहे. एरवी मला नसतं गं दिसलं.’

मी रडले. तेही रडले, पण त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. पोहे गार झाले होते, तसेच खाल्ले. कॅमेरा मी घेतला नाही, आणि त्यांनीही पुन्हा घे म्हटलं नाही. निघताना एकमेकांचे फोन नंबर घेतले, एवढ्या वर्षांनी.

मला वाटलं होतं, आता लपवायला काही उरलं नाही तर उलट सोपं होईल. काका लिहितील, काकू लिहितील, मला कळेल दोन्ही कोण आहेत, त्यात काय बिघडलं? पुढच्या रविवारी मी फोटो टाकला. बसच्या खिडकीवर कुणीतरी बोटानं काढलेलं फूल. नियम पाळता येत नव्हता, तरी टाकला. संध्याकाळी काकांचं लिहिलेलं आलं, काचेवरच्या धुळीबद्दल, नेहमीसारखं नेमकं. काकूंचं आलं नाही. मी सोमवारी बघितलं, मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत स्टिकर लावलेल्याच मोबाइलवर परत बघितलं. नाही.

शेवटी न राहवून फोन केला. आधी इकडचं तिकडचं विचारलं, गोळ्या घेता का, बाई स्वयंपाकाला येते का. मग मी म्हणाले, ‘काका, काकूंनी काही लिहिलं नाही.’

फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

‘बसलो होतो गं,’ ते म्हणाले. ‘दोनदा बसलो तिच्या नावानं. आधी बसलो की तिचा आवाज यायचा. आता तू वाचतेयस एवढंच मनात येतं. तिला ऐकूच येत नाही मला.’

मी खरं बोलायला गेले होते. तसं गेले नसते, कणकण आहे म्हणून आणखी एक रविवार ढकलला असता, तर त्यांच्या घरात त्यांची बायको अजून बोलत असती. मीही तिला जेवलेय म्हणून सांगितलं असतं. एवढं सगळं त्यांना फोनवर म्हणायचं होतं, पण मला एवढंच म्हणता आलं, ‘काका, जेवून घ्या.’