शून्य चार बोटं वर

माझी थोरली कारखान्यात मिलिंग मशीनवर आहे. पूर्वी कोणी विचारलं की मी सांगायचे, "इंजिनिअरिंग कंपनीत असते," आणि ती शेजारी असली तर लगेच पुस्ती जोडायची, "बटण दाबते." खोटं नव्हतं. लोखंडाचा ठोकळा वाइसच्या जबड्यात आवळायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. पुढचं मशीन आपलं आपण कापतं. प्रोग्रॅम लिहितो आणि टूल बसवून देतो तो सेटर. बटण दाबणाऱ्याने सेटर होऊ नये असा काही नियम नाही, पण तिथं सेटर झालेली बाई कोणी पाहिली नव्हती. थोरलीने ते मनावर घेतलं होतं.

ती मुळातच सावकाश. कुलूप लावलं की ओढून बघणार, गॅस बंद केला की पुन्हा एकदा हात लावणार. तिचे बाबा म्हणतात, हिच्यासाठी बस थांबली तर ड्रायव्हर निवृत्त होईल. मला मात्र तिच्या या सवयीचा आधार वाटायचा. अशा माणसाच्या हाताला इजा होत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

जुना सेटर दुसरीकडे गेला तेव्हा फोरमन तिला म्हणाला की शीक, जमलं तर जागा तुझी. त्या दिवसापासून ती घरी आली की ओट्याला टेकून मशीनला द्यायच्या आज्ञांचे कोड पाठ करायची आणि मी भाजी चिरता चिरता तिची परीक्षा घ्यायचे.

"जी शून्य?"

"सुसाट पळतं. कापायचं नसतं."

"जी एक?"

"आपण सांगू त्या वेगाने कापत जातं."

"एकच्या जागी शून्य लिहिलं तर?"

"तर दार लावलेलं असावं."

मी सुरी खाली ठेवली. ती हसली आणि म्हणाली की म्हणूनच तर आधी हवेत चालवायचं असतं.

तिने समजावलं ते असं. मशीन आंधळं असतं. ठोकळा कुठे आहे हे त्याला दिसत नाही. ठोकळ्याचा माथा कुठे आहे ते आपण दाखवायचं, ते त्याचं शून्य. प्रत्येक टूलची लांबीही आपणच मोजून सांगायची. नवा प्रोग्रॅम असला की हे शून्य चार बोटं वर उचलून ठेवायचं. मग मशीन सगळा प्रोग्रॅम ठोकळ्याच्या वर, मोकळ्या हवेत करून दाखवतं. काही चुकलं असेल तर ते हवेतच चुकतं. सगळं ठीक दिसलं की शून्य खाली आणायचं आणि खरं कापायचं. बाकीच्यांनी घाईपायी ही पद्धत सोडली होती. थोरली एकदाही सोडत नव्हती.

त्यावरून तिचं नाव पायलट पडलं. पायलट आज हवेत आहे, पायलट कधी उतरणार, खाली आलात की कळवा. आता हवेत असणं म्हणजे डोक्यात हवा जाणंही, आणि बटण दाबणारी सेटर व्हायला निघाली म्हटल्यावर थट्टेत तोही काटा होता. मला तो टोचायचा. ती म्हणायची, "बोलू दे गं. बोलून बोलून दमतील."

दुसऱ्या पाळीत एक वयस्कर ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं मशीन थोरलीच्या शेजारचं. मनाने चांगले, पाळी बदलताना तिला डब्यातला घास खायला थांबवून ठेवणारे. एका संध्याकाळी नव्या जॉबचा प्रोग्रॅम थोरलीने शेवटच्या टूलपर्यंत हवेत चालवून पाहिला आणि तेवढ्यात भोंगा झाला. शून्य खाली आणायचं राहिलं. ते सकाळी करू म्हणून तिने मशीन तसंच ठेवलं आणि निघताना मामांना सांगितलं, "मामा, हवेत आहे बरं का."

मामा म्हणाले, "ते दिसतंच आहे." दोघंही हसली आणि ती घरी आली.

रात्री मामांचं ड्रिल तुटलं. त्याच मापाचं थोरलीच्या मशीनमध्ये होतं, ते त्यांनी घाईत काढून घेतलं आणि पोरीची सकाळी अडचण नको म्हणून नंतर स्टोअरमधून नवं आणून तिथे बसवलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी त्या ड्रिलची लांबीही मोजून दिली. ठोकळ्यावर कागद ठेवला, ड्रिल कागदाला टेकवलं, हेच शून्य असं मशीनला सांगितलं. मशीनचं शून्य तेव्हा चार बोटं वर होतं. म्हणजे ते ड्रिल आहे त्याहून चार बोटं आखूड आहे, असं मशीन समजून बसलं. शून्य खाली आणलं की ते ड्रिल चार बोटं जास्तच खाली जाणार होतं.

सकाळी मामा घरी गेलेले, ड्रिल बदलल्याचं थोरलीला सांगायला कोणी नव्हतं. थोरलीने शून्य खाली आणलं, दार लावलं, एकेक ओळ थांबवत चालवायला लागली. पहिली तिन्ही टूल बिनचूक. फोरमन मागे उभा होता. माल दुपारी जायचा होता. तो म्हणाला की काल दिवसभर विमान उडवलंस, आता तरी पळव. तिने वेग वाढवला. ड्रिल आलं ते ठोकळ्याच्या माथ्यावर थांबलंच नाही. तिचा हात मशीन थांबवायच्या लाल बटणावरच होता, तिने ते दाबलंही, पण तोवर ड्रिलचे तुकडे झाले होते. एक तुकडा दाराच्या काचेत रुतला, तिच्या चेहऱ्यासमोर. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलचा आवाज बदलला तो बदललाच.

तिला काही झालं नाही. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या जणांना सांगितलं की शेवटी त्याला काही अर्थच उरला नाही.

मालकाने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शून्य वर आहे हे सांगितलं होतंस का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं. मग मामांना विचारलं. मामा खोटं बोलले नाहीत. ते म्हणाले, "बोलली होती साहेब, हवेत आहे म्हणून. मला वाटलं स्वतःबद्दल बोलतेय."

फोरमनला हसू आवरलं नाही. मग मालकही हसला. थोरलीने मला हे सांगितलं तेव्हा ती भांडी विसळत होती आणि तिची पाठ माझ्याकडे होती. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं, म्हणाली. हसल्यावर काय बोलणार.

दोन दिवसांनी मामा घरी आले. खुर्चीच्या कडेला बसले, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "वहिनी, मी साहेबांना म्हटलं, लांबी मी घेतली, चूक माझी. ते म्हणाले, मामा, तुम्ही मदतच केलीत, तिने शून्य वर नेलंच नसतं तर काही झालंच नसतं."

तिचे बाबा म्हणाले, "आणि हे बरोबर आहे?"

"हिशेबाने बरोबरच आहे हो," मामा म्हणाले आणि रुमालाने मान पुसत बसले. त्यांचा मला राग यायला हवा होता. नाही आला. आला असता तर तेवढंच बरं वाटलं असतं.

निकाल असा लागला: यापुढे कोणी शून्य उचलायचं नाही. प्रोग्रॅम सरळ ठोकळ्यावर. सेटरची जागा फोरमनच्या भाच्याला मिळाली. तो हुशार आहे, वाईट नाही, पण घाईत असतो. थोरली पुन्हा त्याच मशीनवर बटणाला. म्हणजे भाचा लिहिणार, कोणी तपासून पाहणार नाही, आणि पहिल्यांदा चालेल तेव्हा समोर ही उभी असणार. तिला आता प्रोग्रॅम वाचता येतो, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. बटण दाबण्याआधी तिला चूक दिसते. एकदा तिने दाखवली तेव्हा भाचा म्हणाला, "ताई, परत उडायचंय का?" दुसऱ्यांदा तिने नुसतं बोट ठेवलं. त्याने मुकाट्याने दुरुस्त केलं आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

मी तिला सोड म्हटलं. ती म्हणाली, "दुसरीकडे जाऊन काय सांगू? स्पिंडल घालवला हे माझ्या आधी तिथं पोचेल." मी शिकलेली आहे, तिला अर्ज लिहून देऊ शकते, चांगल्या भाषेत. एवढंच.

आता ती घरी कोड म्हणत नाही. मीही विचारत नाही. आज जेवताना मात्र राहवलं नाही, म्हटलं, दार तरी लावतेस ना नीट.

तिने घास संपवला. मग सांगितलं की नवी काच आलेली नाही, काचेच्या जागी पत्रा ठोकलाय. पत्र्यातून आत दिसत नाही. दिसलं नाही तर लाल बटण कधी दाबायचं ते कळत नाही. म्हणून दार लागलंय असं मशीनला वाटावं यासाठी दाराच्या स्विचमध्ये पट्टी खुपसतात आणि दार उघडंच ठेवतात.

"आणि तू?"

"मीही," ती म्हणाली. "बघायला तर हवं ना, आई."