खिडकीतून सांगितलेली कथा

चटई व्हरांड्यात टाकली होती. एकच. मी चपला काढून हॉलकडे निघालो, तर निर्मात्याचा माणूस आडवा आला. “आज इथंच बसा. खिडकी उघडी आहे. आत ऐकू येतं.”

आदल्या बैठकीला त्याच हॉलमध्ये मी गादीवर बसलो होतो. कानडी सिनेमावाल्यांची रीतच होती. लेखकानं हातवारे करत कथा तोंडानं ऐकवायची आणि शेवट राखून ठेवायचा तो अखेरच्या बैठकीला. निम्मी कथा ऐकूनच निर्माता अण्णा एवढा पाघळला, की स्टुडिओत परग्रहाचा सेट उभारायला सुतार लावले. मग सहज विचारलं, “निपाणीत घर कुठल्या गल्लीत?” मी सांगितलं. लपवायचं काय त्यात? जयनगरातला तो बंगला कोरा करकरीत होता, पण विटाळ तेवढा जुनाच राहायला आला होता.

बसलो. हो, बसलो! फॅक्टरीत लेथ चालवून कथा लिहिणारा मी. पडद्यावर नाव बघायची हाव होती मला. गजांना तोंड लावून कानडीत सांगत राहिलो. पृथ्वीवरची माणसं रॉकेटमधून परग्रहावर उतरतात. तिथले लोक त्यांना वेशीबाहेर ठेवतात. पाणी वरून ओततात.

आतून अण्णाचा हुंदका आला. “अय्यो, काय हा अन्याय! माणसंच ना ती!”

मी गजांतून आत बघितलं. अरे भल्या माणसा, मी कुठं बसलोय?

तेवढ्यात कॉफी आली. आत स्टीलचे पेले. मला नारळाची करवंटी, खिडकीच्या कठड्यावर. डोक्यात तिडीक गेली. कॉफी अंगणात ओतली.

“हां, पुढं? शेवट?” अण्णा आतून म्हणाला.

“नाही सांगत.”

“सुचला नाही?”

“सुचलाय. तुला सांगणार नाही.” पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. चपला घातल्या आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात तो फॅक्टरीजवळच्या आमच्या चाळीत आला. “लेखकराव, स्वल्प समजून घ्या. घरात म्हातारी आई आहे. तिचं सोवळं.”

“सरी, बरं. माझीही आई आहे. आत या, तिच्या हातची कॉफी घ्या. शेवट आत्ता सांगतो.”

उंबऱ्यात उभा राहिला. घामाघूम. आईनं पेला पुढं केला. त्यानं हात मागं घेतला आणि वळला.

दुसऱ्याकडून त्यानं शेवट लिहवून घेतला. जमला नाही. सिनेमा अर्ध्यात बसला तो बसलाच. मी रजा काढून सेट बघायला गेलो. पत्र्याचं रॉकेट आडवं पडलेलं, पुठ्ठ्याचे डोंगर भिजून लोळागोळा झालेले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कुणी म्हणेल, सूड वाईट. वाईट तर वाईट!

तेव्हापासून माझी कथा मागायला येणाऱ्याला मी आधी घरी जेवायला बोलावतो. आमच्या ताटात जेवला, तर पुढचं बोलणं. काही जण पोट बिघडल्याचं सांगून परत गेले. जाऊ देत. कथा डोक्यात घेऊन मरेन, पण ज्याला माझ्या घरचं पाणी चालत नाही, त्याला तिचा एक शब्द देणार नाही.