आधी हवा की आधी पैसा?

मंडळी, आज विजय नगरात आमच्या वॉर्डाची बैठक होती. माझ्या मुलीला दमा आहे, म्हणून मी गेले. तिच्या शाळेसमोर खोदकामाचा मलबा कधीचा पडून आहे आणि त्याची धूळ उडून राहिली आहे.

मी तो उचलायला सांगितलं, तर महापालिकेचे अधिकारी हवा सुधारण्यासाठी मिळणाऱ्या पैशाबद्दल म्हणाले, "दीदी, हवा सुधरेगी, तभी केंद्र से पूरा पैसा आएगा."

मी म्हटलं, "तुमची गाडी रोज तिथूनच रिकामी जाते, तर मलबा उचलत काहून नाही? हवा त्यानंच सुधरेल."

त्यांनी तिथूनच फोन लावला.

संध्याकाळी गाडी आली. शेजारच्या बायका आणि मी फावडी घेऊन उतरलो. अर्धा ढीग गेला. उद्या गाडी नाही आली, तर मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसणार आहे.

हवेसाठी आलेला पैसा कुठं लागतो, हे तुमच्या वॉर्डात कोणी विचारलं काय?