डोक्यावरची बाज

फ्लूच्या साथीत गोंडपिपरीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. एका लठ्ठ माणसाला बाजेवर घालून आणणारे आठ जण धापा टाकत होते.

"खात्यापित्या अंगाचा मानूस, याले काय होते?" त्यांतला एक म्हणाला.

डॉक्टर मात्र गंभीर झाले. "चरबी तापाशी लढत नाही, लढणाऱ्या रक्ताच्या पायात येते."

तसंच झालं. सडपातळ रोगी बरे होऊन घरी गेले. हा घरघरत पडून राहिला. पण तशातही मिशीला पीळ देणं त्यानं सोडलं नाही.

एका सकाळी ताप उतरला आणि तो उठला. न्यायला आलेल्या त्याच आठ गावकऱ्यांना बाजूला सारून त्यानं बाज स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"येताना इनं मले आनलं. आता इले मी नेतो!"

भरल्या बाजारातून तो बाज मिरवत निघाला, आणि ते आठ जण रिकाम्या हातांनी मागे नाचत होते.