फ्लेक्समागचा धूमकेतू

आकाशापुढे सगळी माणसं सारखी असतात. हे वाक्य माझं नाही. ते बाळापूरच्या शाळेच्या मैदानावर लावलेल्या फ्लेक्सवर होतं. फ्लेक्ससमोर पहिल्या रांगेत सोफे होते, दुसऱ्या रांगेत हाताच्या खुर्च्या, त्यामागे बिनहाताच्या, आणि सगळ्यात मागे सतरंजी. आकाश मात्र सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच होतं, हे मान्य करायला हवं.

कार्यक्रम धूमकेतू बघण्याचा होता, आणि बोलावलं मला होतं, कारण गावात दुर्बीण माझ्याकडे आहे. मी नोकरीभर वीज कंपनीत होतो. भारनियमनाच्या दिवसांत गावंच्या गावं अंधारात जायची, लोक आम्हाला शिव्या द्यायचे, आणि मी सबस्टेशनच्या गच्चीवर जाऊन वर बघत बसायचो. वीज गेल्याचा आनंद होणारा जिल्ह्यातला मी बहुधा एकटाच माणूस, आणि ती घालवणाराही मीच. नोकरी संपली, सवय राहिली. आता एक लहान दुर्बीण तिकाटण्यावर असते आणि दोन डोळ्यांची एक गळ्यात.

तो धूमकेतू वर्ष-दीड वर्षापूर्वी मोठ्या दुर्बिणींना सापडला होता. मधे काही जाणकारांनी सांगितलं, की हा सूर्याजवळ पोचण्याआधीच फुटणार. तो फुटला नाही. सूर्याला वळसा घालून तो सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला, शुक्राच्या उजवीकडे, अगदी खाली. सूर्य बुडाल्यावर आभाळ पुरेसं काळवंडायचं आणि तो मावळायचा, यांच्या मधे जेमतेम अर्धा तास मिळत होता. त्यातही शिवाराशिवारात मळणीयंत्रं चालू होती आणि क्षितिजावर सोयाबीनच्या भुसकटाचा पिवळा पट्टा होता. हे सगळं मी कार्यक्रम ठेवणाऱ्या गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांना समजावून सांगितलं. त्यांचं खता-औषधाचं दुकान आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पाव्हणे कोणते बोलवायचे?"

माझ्या दृष्टीनं खरा पाहुणा एकच होता, आणि तो वसमतहून एसटीनं आला होता. म्हणजे आली होती. माझी आत्या.

आत्याची गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. ती नऊ-दहा वर्षांची असताना पहाटे हंडा घेऊन आडावर गेली, आणि पूर्वेला तिला आभाळात उभा खराटा दिसला. पांढरा, काड्या वर केलेला. हंडा तिथेच टाकून ती पळत घरी आली आणि सांगितलं. कुणी उठलं नाही. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा भाऊ, म्हणजे माझे बाबा, पांघरुणातूनच म्हणाले, "खाली झाडायचं झालं न्हाई, अन् वर खराटा दिसून राहिला हिला." सगळे हसले. पुढचे दिवस आभाळ भरलेलं राहिलं. तेव्हापासून आत्याचं नाव खराटा. लग्नात खराटा, बाळंतपणाला आली तेव्हा खराटा, आता सत्तरीतही बाबांचा फोन सुरू होतो तो "काय गं खराटा" असाच.

मी पुढे वाचलं तेव्हा कळलं, की त्या वर्षी खरोखरच एक मोठा धूमकेतू पहाटे दिसला होता, लांबलचक शेपटीचा. बाबांना सांगितलं. ते एसटीत कंडक्टर होते. समोरच्यानं तिकीट दाखवल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवण्याची त्यांनी उभ्या नोकरीत सवय केली आहे. म्हणाले, "पुस्तकात काय, कोणी बी छापतं."

आत्याला एवढंच पाहिजे होतं, की भावानं एकदा असला तारा डोळ्यांनी बघावा आणि म्हणावं, तू खोटं बोलली न्हाईस. ही तब्येत, हे वय; पुढचा धूमकेतू कधी येईल आणि तेव्हा दोघांपैकी कोण असेल, हे तिनं बोलून दाखवलं नाही. पिशवी घेऊन आली, एवढंच.

"दादा, चलतोस ना?" तिनं विचारलं.

"चलतो की. पण न्हाई दिसला तर खराट्याचं फडं म्हणीन." खराटा झिजून बुडाशी आला की आमच्याकडे त्याला फडं म्हणतात.

आम्ही तिघंही वेळेआधी पोचलो. समोर मंच होता. मंडळानं तो मैदानाच्या पश्चिमेला घातला होता, म्हणजे लोकांची तोंडं बरोबर पश्चिमेकडे होती, इथवर ठीक. पण मंचाच्या मागे तो फ्लेक्स होता. भिंतीएवढा. त्यावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, पाहुण्यांचा सगळ्यांहून मोठा, आणि वरच्या कोपऱ्यात धूमकेतूचा. धूमकेतूच्या फोटोनं धूमकेतू झाकला गेला होता.

"हे थोडं बाजूला घेता येईल का?" मी अध्यक्षांना विचारलं.

"साहेब, फ्लेक्स बाजूला घेतला तर फोटोत मागं काय येईल?"

"आकाश येईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं.

पाहुणे हिंगोलीहून निघाले होते, मग कळमनुरीच्या पुढे आले होते, मग बराच वेळ कळमनुरीच्या पुढेच होते. पोचले तेव्हा सूर्य बुडत होता. दीपप्रज्वलनात वारा निघाला आणि समईची एकेक वात पुन्हापुन्हा लावावी लागली. हॅलोजन लागले. मी पुन्हा मंचाच्या पायरीशी गेलो.

"अगोदर धूमकेतू बघून घेऊ. सत्कार मागून."

"सत्काराबिगर पाव्हण्यांला उठवता येतंय का, साहेब? काहून घाई करून राहिले? धूमकेतू काय पळून चालला?"

"व्हय. पळूनच चाललाय."

"मंग त्याला पाच मिनिटं थांबवा," अध्यक्ष म्हणाले आणि शालींचा गठ्ठा सोडायला वळले.

पाहुण्यांचा सत्कार झाला. पाहुण्यांच्या सोबत आलेल्यांचा झाला. मुख्याध्यापकांचा झाला, मंडपवाल्याचा झाला. मग पाहुणे बोलायला उठले. आपल्या जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा होते आहे, याचा त्यांना अभिमान होता. "विश्वाच्या लहरी आता थेट आपल्या हिंगोली जिल्ह्यात येणार," असं त्यांनी टाळ्यांच्या कडकडाटात सांगितलं. जणू आजवर त्या नांदेडला उतरून परत जात होत्या. अलीकडे दुसऱ्या कुठल्या सूर्यमालेतून आलेल्या भटक्या वस्तूही सापडू लागल्या आहेत. त्यांचं नशीब चांगलं, की त्या न थांबता पुढे निघून जातात; नाहीतर त्यांचाही सत्कार झाला असता.

एवढ्यात मागून माझा सदरा कुणीतरी ओढला. आत्या तंबाखू थुंकायला फ्लेक्सच्या मागे गेली होती.

"इकडं ये. आलाय."

मी गेलो. मागे अंधार होता, गवत होतं, मांडवाच्या दोऱ्या होत्या. शुक्र लखलखत होता. त्याच्या उजवीकडे, भुसकटाच्या पट्ट्याच्या जरा वर, एक फिकट टिपका आणि त्यातून वर गेलेला धुरकट पट्टा. मी गळ्यातली दुर्बीण तिला दिली. तिनं ती लावली, काढली आणि पुन्हा नुसत्या डोळ्यांनीच बघितलं.

"तो मोठा व्हता याच्याहून," ती म्हणाली. "खूप मोठा. पण जात हीच." मग एकदम, "दादाला बोलव. पळ!"

मी पळालो. त्याच क्षणी माइकवरून जाहीर झालं, की आता गावातल्या ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार. बाबांचं नाव पहिलंच होतं. ते पायऱ्या चढतच होते. मी मंचासमोर जाऊन दोन्ही हातांनी खुणा केल्या: मागे, मागे, फ्लेक्सच्या मागे. बाबांनी मला बघितलं. मी फोटो काढतोय असं त्यांना वाटलं. ते एक पाऊल मागे सरकले, मान ताठ केली आणि स्थिर उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे फ्लेक्स, आणि फ्लेक्सच्या मागे धूमकेतू. मधे एक कापड.

शाल, नारळ, हार, सगळ्या ज्येष्ठांचा मिळून एक फोटो, डोळे मिटले म्हणून तोच पुन्हा. बाबांना घेऊन मी मागे पोचलो तेव्हा तिथे गवत होतं आणि दोऱ्या होत्या. आत्या पश्चिमेकडे बघत बसली होती.

"गेला," ती म्हणाली.

बाबांनी शाल सावरली. "हिला कायम मी नसल्यावरच दिसतो."

"मी पण पाहिला, बाबा."

"तू लहानपणापासून तिच्याच बाजूचा."

दुसऱ्या दिवशी परतीच्या पावसाचे ढग आले. तिसऱ्याही दिवशी तेच. चौथ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली, की मान्यवरांसह ज्येष्ठांनी धूमकेतू पाहण्याचा आनंद लुटला. सोबत फोटो: बाबा शाल पांघरून, आणि त्यांच्या खांद्यावर बरोबर फ्लेक्सवरचा धूमकेतू. बाबांनी तो आत्यासमोर धरला. "हे बघ. मी बी पाह्यला. छापून आलंय."

इतकी वर्षं ती त्यांच्या चिडवण्यावर हसत आली होती. त्या वेळी हसली नाही. "छापलेलं तर कोणी बी छापतं, तूच म्हणत व्हतास," असं म्हणाली, आणि आत जाऊन पिशवी भरू लागली. "उद्या सकाळच्या गाडीनं जाते. आता माझं काही येणं होत न्हाई, दादा. गुडघे चालत न्हाईत." गुडघ्यांचं खोटं होतं. बाबांनाही ते कळलं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि बराच वेळ तो हातातच धरून ठेवला.

त्या संध्याकाळी आभाळ उघडलं. धूमकेतू आता वर आला असणार, पण बराच फिका झालेला आणि चंद्राचा उजेड वाढलेला. दुर्बिणीशिवाय सापडणं कठीण. मी गच्चीवर निघणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "तू थांब. दे ते गळ्यातलं." शाल खांद्यावर टाकून, कठड्याला धरत ते एकटेच गच्चीवर गेले. खालून आम्हाला ते दिसत होते: पश्चिमेकडे तोंड करून, दुर्बीण डोळ्यांना लावून, हलत नव्हते. आत्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. ते निवडून झाले होते, तरी निवडत होती.

बाबा उतरले. दुर्बीण माझ्या हातात देऊन तिच्यासमोर बसले.

"दिसला," ते म्हणाले.

आत्यानं मान वर केली नाही. "शेपूट कोणीकडं व्हती?"

"वर. उभी. खराट्यासारखी." मग शाल खांद्यावरून काढत, "तू खोटं बोलली नव्हतीस, बाई."

तिनं ताटातला एक खडा काढून बाहेर टाकला. "सकाळची गाडी भरून येती," ती म्हणाली. "परवाच्यानं जाते." मग ती चुलीकडे गेली आणि बाबांनी मागितला नसतानाही तिनं त्यांच्यासाठी चहा टाकला.

मी दुर्बीण ठेवायला पेटी काढली. पुढच्या दोन्ही भिंगांवरची टोपणं होती तिथेच होती.